काकांना कार-टी देणार आहेत, मग काढा चालू ठेवू का?

प्रश्न: डॉक्टर, काकांना लिम्फोमा आहे, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, बी-सेलवाला. किमो झाली पण आजार उलटला. आता खारघरला टाटाच्या अॅक्ट्रेकमध्ये कार-टी सांगितलंय, त्यांच्याच रक्तातल्या पेशी काढून त्यांनाच परत देणार म्हणे. पेशी त्यांच्याच तर मग आधी का नाही लढल्या? इम्युनिटी कमी पडली असणार म्हणून काकू रोज सकाळी गुळवेलीचा काढा देते. चालू ठेवू का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर: काढा आजच बंद करा, पण काकूंना बोलू नका हं, कोविडपासून घरोघरी हेच चाललंय. गुळवेल घेणाऱ्या काही पेशंट्सच्या लिव्हरला त्रास झाल्याचं मुंबईतल्याच डॉक्टरांनी नोंदवलंय आणि काकांच्या लिव्हरला आत्ता ती रिस्क नको.

आता पेशी का लढल्या नाहीत. संध्याकाळी ठाणे स्टेशनवर पाकीटमार गर्दीतलाच एक दिसतो ना, तिथे पोलीस दुप्पट केले तरी तो सापडेलच असं नाही, त्याचा फोटो हातात पाहिजे. कॅन्सरची पेशी आपल्याच शरीरातली, त्यामुळे टी-सेल, म्हणजे आजाराशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तिला बऱ्याचदा घरचीच समजून सोडतात. कार-टीमध्ये टी-सेल बाहेर काढून लॅबमध्ये त्यांच्यात एक जीन घालतात, मग कॅन्सरच्या बी-सेलवरची सीडी-19 ही खूण दिसली की त्या तुटून पडतात. म्हणजे इम्युनिटी नुसती वाढवली नाही, तिला पत्ता दिला. गोची एवढीच की ही खूण चांगल्या, अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-सेलवरही असते, त्याही मरतात, म्हणून नंतर कित्येक महिने इन्फेक्शनला जपायचं.

पेशी आत गेल्यावर सणसणून ताप येऊ शकतो, बीपी उतरतं. 2012 मध्ये अमेरिकेत एमिली व्हाइटहेड ही लहान मुलगी यातच जवळजवळ गेली होती. तिच्या रक्तात आयएल-6 हे दाह भडकवणारं प्रोटीन भयंकर वाढलेलं, आणि त्यावरचं संधिवाताचं औषध कार्ल जून या संशोधकाला माहीत होतं ते स्वतःच्या मुलीच्या संधिवातामुळे! ते दिलं, एमिली वाचली, आज तेच औषध कार-टीच्या वॉर्डात हाताशी ठेवतात. भारतात पहिलं कार-टी अॅक्ट्रेकलाच दिलं गेलं, जून 2021 मध्ये, आणि आयआयटी मुंबई-टाटाच्या थेरपीला 2023 ला मंजुरी मिळाली, त्यामुळे तिथल्या लोकांना हा ताप नवा नाही.

पुढच्या वेळी जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, काढे, पावडरी एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. आणि काकूंनाही न्या, घरी आल्यावर रात्री उठून ताप त्याच बघणार आहेत.