गाडी सरळ का जात नाही?

बार्शीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे, मुलगी आठवीत शिकते. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात अडथळा दिसला की वळणारी छोटी गाडी तिनं पाहिली आणि तेव्हापासून तिनं रोबो करायचा ध्यास घेतला आहे. एका क्लासनं किट, सहा महिन्यांची शिकवणी आणि प्रमाणपत्र मिळून १८,००० रुपये सांगितलेत. "पैसे भरू का? पुढे करिअरला उपयोग होईल का? घरात यातलं कुणालाच काही कळत नाही," असं ते विचारतात.

दादा, नमस्कार.

१८,००० आत्ता भरू नका. मुलीच्या आवडीवर मला शंका नाही. पण ती आवड नेमकी कशाची आहे, हे अजून तिलाही कळलेलं नसेल. कुणाला गाडी जुळवायला आवडते, कुणाला तिचा प्रोग्राम लिहायला, कुणाला फक्त धावताना बघायला. हे दीड-दोन हजारांत कळतं. आणि अकरावी, डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगच्या प्रवेशात क्लासच्या प्रमाणपत्राला गुण नसतात.

आर्डुइनो उनो हा बोर्ड घ्या, म्हणजे कॉम्प्युटरवर लिहिलेला प्रोग्राम चालवणारी छोटी सर्किटची पाटी. इटलीतल्या इव्रिया गावी २००५ साली डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी आर्डुइनोची सुरुवात झाली, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्यांसाठीच. त्याचा आराखडा खुला असल्यामुळे इतरांनी बनवलेले तसेच बोर्ड बरेच स्वस्त मिळतात आणि शिकायला पुरेसे आहेत. सोबत दोन पिवळ्या बीओ मोटर (सेलवर चालणाऱ्या छोट्या मोटर), चाकं, मोटर ड्रायव्हर (बोर्डाच्या हुकमावरून मोटरला सेलची वीज देणारी पट्टी), आवाज सोडून अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, ब्रेडबोर्ड (डाग न देता वायरी खोचायची भोकांची पाटी) आणि त्यात खोचायच्या जंपर वायर. पन्नास सेन्सरांची पेटी घेऊ नका. निम्मे सेन्सर पाकिटातच राहतात. दुकानातला बिलिंगचा कॉम्प्युटर प्रोग्राम लिहायला चालेल. किट येईपर्यंत टिंकरकॅड या वेबसाइटवर तिला सर्किट फुकट जोडून बघता येईल.

पहिल्या रविवारी गाडी नको. बोर्डावरचा १३ नंबरच्या पिनचा (वायर जोडायच्या जागेचा) दिवा लुकलुकवायचा, एवढंच. प्रोग्राममधला १००० हा आकडा म्हणजे एक सेकंद. तो तिनं २०० करून बघावा. बोर्ड कॉम्प्युटरला दिसतच नसेल तर आधी केबल बदला, काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. स्वस्त बोर्डांना बहुधा कॉम्प्युटरवर सीएच३४० नावाचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर टाकावं लागतं. या दोन गोष्टींपायी कितीतरी मुलांनी पहिल्याच दिवशी किट माळ्यावर टाकलेलं मी पाहिलं आहे, आणि प्रत्येक वेळी मला हळहळ वाटली आहे.

मोटर थेट बोर्डाला जोडू देऊ नका. पिनेतून २० मिलिअँपिअरच्या आसपासच वीज घ्यावी, मोटर सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढते. म्हणून मध्ये मोटर ड्रायव्हर. नऊ व्होल्टचा चौकोनी सेलही नको, तो मोटरच्या ओढीला दमतो. पेन्सिल सेलचा होल्डर बरा, आणि त्याची ऋण तार बोर्डाच्या ग्राउंडला (जीएनडी लिहिलेल्या पिनेला) जोडलेली हवी.

आता खरी गोष्ट. गाडी तयार होईल, सोडली की एका बाजूला ओढत जाईल. मुलगी म्हणेल, "बिघडली." बिघडलेली नसते. एकाच पाकिटातल्या दोन बीओ मोटरसुद्धा सारख्या वेगानं फिरत नाहीत. प्रोग्राममध्ये वेग ० ते २५५ या आकड्यांत देतात. दोन्ही चाकांना १८० दिलं तरी एक मागे पडतं. मग मागच्याला १९० देऊन बघायचं, फरशीच्या रेघेवर गाडी सोडायची, किती सेंटिमीटर सरकली ते मोजायचं, वहीत लिहायचं, पुन्हा आकडा बदलायचा. एका वेळी एकच. सेल उतरले की आकडे पुन्हा चुकतात, तेही लिहायचं. चाकणच्या कारखान्यात रोबो हाताळणारा तंत्रज्ञसुद्धा असाच मोजतो, बदलतो आणि पुन्हा मोजतो. ही दुपार तिला आवडली तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. कंटाळली तरी रागावू नका, दोन हजारांत मोठी माहिती हाती आली.

व्हिडिओ बघून वायरी जोडायला हरकत नाही, पण प्रत्येक वायर कशासाठी आहे ते तिनं तुम्हाला मराठीत सांगावं. तुम्हाला यातलं कळत नाही हे इथे उपयोगीच पडेल. सेन्सर अंतर कसं मोजतो ते विचारा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, तो जाऊन परत येतो म्हणून वेळ निम्मी करायची. आठवीच्या गणितात बसतं. जवळच्या एखाद्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायची सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) आहे का, याचीही चौकशी करा. २०१६ साली सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनमधली ही योजना सहावी ते बारावीच्या मुलांसाठीच आहे.

शाखा आत्ता ठरवू नका. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा डिप्लोमा आणि तिथून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला, किंवा बारावी विज्ञान करून सीईटी, दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर यांपैकी कुठूनही रोबोटिक्सकडे जाता येतं. गणित मात्र सुटू देऊ नका.

गाडी झाली की मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर आणा. बोर्ड त्याचं माप ० ते १०२३ मध्ये दाखवतो. उघड्या दोन दांड्यांचा सेन्सर मातीत लवकर गंजतो, म्हणून कपॅसिटिव्ह, म्हणजे धातू उघडा नसलेला, मागा. कोणत्या आकड्याला पाणी द्यायचं, हे तुमच्याकडे येणारे शेतकरी तिला सांगतील.

आणि तिची गाडी कोणत्या बाजूला ओढत होती, किती आकड्यांवर सरळ झाली, ते तिच्याच अक्षरात मला कळवा.