वाचकांचे प्रश्न : रात्रीचा बायपॅप आणि रक्तवाहिन्या

प्रश्न : माझ्या वडिलांना अनेक वर्षांपासून सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होत जाणारा फुप्फुसांचा दीर्घकाळचा आजार) आहे. श्वासाचा त्रास अचानक वाढल्याने त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि घरी सोडताना डॉक्टरांनी रात्री बायपॅप, म्हणजे मुखवट्यातून दाबाने हवा देणारे यंत्र, लावण्यास सांगितले. त्यानंतर त्यांच्या पायांवरची सूज उतरली. या यंत्राने रक्तवाहिन्याही सुधारतात, असे कोणी तरी सांगितले. ते खरे असेल तर यंत्र दिवसाही लावावे का, आणि सोबतचा ऑक्सिजन वाढवावा का?

उत्तर : आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्यात धोका आहे. ऑक्सिजनचा प्रवाह स्वतःहून वाढवू नका. ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, अशा सीओपीडीच्या रुग्णांमध्ये ऑक्सिजनची पातळी साधारण ८८ ते ९२ टक्के ठेवतात. त्याहून जास्त ऑक्सिजन दिल्यास कार्बन डायऑक्साइड आणखी वाढून रुग्णाला गुंगी येऊ शकते. बोटाला लावायच्या यंत्रावर ९८ दिसले म्हणून घरच्यांना हायसे वाटते, पण या रुग्णांच्या बाबतीत तो आकडा काळजीचा असू शकतो, शिवाय त्या यंत्रावर कार्बन डायऑक्साइड दिसतच नाही. त्यासाठी धमनीतील रक्ताची तपासणी करावी लागते.

आता रक्तवाहिन्यांविषयी. शरीरात इतरत्र ऑक्सिजन कमी पडला की रक्तवाहिन्या रुंदावतात, फुप्फुसात मात्र त्या आकसतात. जिथे हवा पोहोचत नाही तिथले रक्त चांगल्या भागाकडे वळवण्याची ही सोय आहे. परंतु जवळजवळ सगळ्याच फुप्फुसात ऑक्सिजन कमी असेल तर सगळ्याच वाहिन्या आकसतात, कालांतराने त्यांच्या भिंती जाड होतात, आणि हृदयाच्या उजव्या बाजूला वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते. पायांवर सूज येण्याचे हे एक कारण असते. झोपेत श्वास उथळ होत असल्याने हा ताण रात्री वाढतो. बायपॅप प्रत्येक श्वासाला दाबाचा आधार देतो, त्यामुळे थकलेल्या स्नायूंना विश्रांती मिळते, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि फुप्फुसातील वाहिन्यांवरचा ताण हलका होऊ शकतो. सूज उतरण्यास याचा हातभार लागला असावा, मात्र रुग्णालयात लघवी वाढवणारे औषध सुरू झाले असल्यास त्याचेही श्रेय मान्य करायला हवे.

हातापायांच्या व हृदयाच्या धमन्यांचे गणित वेगळे आहे. त्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड स्रवते व वाहिनी सैल राहते. धूम्रपान आणि दीर्घकाळची दाहप्रक्रिया या अस्तराला इजा करतात. म्हणून बायपॅप हे धमन्यांचे औषध आहे असे मी म्हणणार नाही. त्याचा ठोस लाभ दुसरीकडे आहे : २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, तीव्र त्रासानंतरही कार्बन डायऑक्साइड चढाच राहिलेल्या रुग्णांना घरी ऑक्सिजनसोबत असे यंत्र दिले असता, पुन्हा रुग्णालयात दाखल होण्यापर्यंतचा किंवा मृत्यूपर्यंतचा मध्यक काळ १.४ महिन्यांवरून ४.३ महिन्यांवर गेला. कार्बन डायऑक्साइड चढा नसलेल्यांना हा निष्कर्ष लागू होत नाही. म्हणूनच घरी आल्यावर दोन ते चार आठवड्यांनी कार्बन डायऑक्साइड पुन्हा मोजून यंत्राची गरज ठरवणे योग्य असते.

दिवसा यंत्र लावण्याचे डॉक्टरांनी सांगितले नसेल तर लावू नका. दाबही स्वतः बदलू नका. फार जास्त दाबाने हृदयाकडे परतणारे रक्त कमी होऊन रक्तदाब उतरू शकतो, आणि दिवसाचा वेळ चालण्याफिरण्यासाठी मोकळा हवा. धमन्यांसाठी खरे काम धूम्रपान पूर्ण बंद करण्याने, झेपेल तेवढ्या नियमित व्यायामाने आणि रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांच्या उपचाराने होते.

सकाळी डोके दुखणे, दिवसा पेंग येणे किंवा सूज परतणे ही लक्षणे दिसल्यास पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. छातीत दुखू लागल्यास किंवा ते जागे करूनही नीट प्रतिसाद देत नसल्यास त्यांना ताबडतोब रुग्णालयात न्या. श्वासाचा त्रास वाढून गेल्यानंतरच्या काही आठवड्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोकाही वाढलेला असतो.