सिकलसेल कॅरियर म्हणून जॉब थांबवलाय

प्रश्न: ताई, मी नागपूरची, ऑफिस जॉबच्या मेडिकलमध्ये मला न विचारता सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) टेस्ट केली, मी कॅरियर निघाले तर एचआर म्हणतंय थांबा, बघू. काय करू?

उत्तर: अगं, कॅरियर म्हणजे आजारी नाही, आई किंवा बाबा एकाकडून जीन आलाय एवढंच, ऑफिसच्या कामाला त्याने काही अडत नाही. आणि न विचारता टेस्ट करणं मला अजिबात पटलेलं नाही, संमती घ्यायलाच हवी होती. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने जनुकीय माहितीवरून नोकरी नाकारायला बंदी आहे, आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही, पण २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने विम्याच्या एका केसमध्ये असा भेदभाव घटनेच्या कलम १४ (समानतेचा हक्क) विरुद्ध ठरवला होता. तू एचआरला मेलच कर, टेस्ट का केली, रिपोर्ट कोणी पाहिला, नकार असेल तर कारण लेखी द्या.