वजनाचा काटा हलला नाही म्हणून घाबरू नकोस

अरे, व्यायामाच्या पहिल्या वर्षात चरबी उतरणं आणि स्नायू वाढणं एकाच वेळी जमतं, म्हणून वजन तेवढंच दिसू शकतं. आम्हा जुन्यांना ते इतकं सहज होत नाही, म्हणून ही संधी उपाशी राहून घालवू नकोस. रोजच्या गरजेपेक्षा ३०० कॅलरी कमी, तेवढंच पुरे. खरी अडचण प्रथिनांची. वजन ७० किलो असेल तर दिवसाला साधारण ११० ग्रॅम लागतात, आणि नुसत्या वरण-भातातून ती भरत नाहीत. एका अंड्यात ६ ग्रॅम, ५० ग्रॅम कोरड्या सोयावड्यांत सुमारे २५. जोडीला पनीर, दही, उसळ, चालत असेल तर चिकन. आठवड्यातून तीनदा स्क्वॉट (वजन घेऊन उठाबशा), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), बेंच प्रेस (बाकावर पडून वजन वर ढकलणं), वजन हळूहळू वाढवत. झोप पूर्ण घे. आणि काट्यापेक्षा कंबर टेपने मोज, दर रविवारी, सकाळी उपाशीपोटी.