वाचकांचे प्रश्न: कामाच्या जागी माणसं अशी का वागतात?

उद्यमबागेत आमची छोटी फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) आहे. मोल्डिंगवर, म्हणजे वाळूचे साचे करण्यावर, अकरा जण आहेत. पाळीला ९० साच्यांच्या वर प्रत्येक साच्याला जादा पैसे जाहीर केले, तरी आकडा ८८ ते ९२ च्या पुढे जात नाही. माणसं आळशी झाली असं समजायचं का?
– एक कारखानदार, बेळगाव

नाही. आळसाचा आकडा रोज वेगळा येतो. रोज तोच आकडा येत असेल, तर एक तर सामानाची कुठेतरी हद्द लागते आहे किंवा तो आकडा माणसांनी आपसात ठरवला आहे. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत, त्यामुळे आधी नेमकं काय आहे ते तपासा.

दोन आठवडे साच्यांची नोंद पाळीअखेर एकदाच न घेता दर तासाला घ्या. शेजारच्या रकान्यात वाळू कधी थांबली, कोअर (पोकळीसाठी साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे) कधी संपले, बॉक्स (साच्याच्या चौकटी) रिकामे होते का, ओतकामाला उशीर झाला का, हे लिहा. बॉक्सच ९० असतील आणि ओतकाम पाळीत एकदाच होत असेल, तर बक्षिसाने ९१ वा साचा तयार होणार नाही. पण पहिल्या सहा तासांत तासाला १३ साचे आणि शेवटच्या दोन तासांत सहा-सहा, असं चित्र सामान हाताशी असूनही रोज दिसलं, तर ती गटाने घालून घेतलेली मर्यादा आहे.

असं घडतं हे जुनंच आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये टेलिफोनची यंत्रणा जोडणाऱ्या १४ जणांचं काम महिनोन् महिने पाहिलं गेलं. जास्त कामाला जास्त पैसे होते, तरी दिवसाला दोन उपकरणं एवढंच ‘रास्त काम’ असं गटाने ठरवलं होतं. कोणी जास्त केलं तर त्याला टोमणे बसत, दंडावर गुद्दाही बसे, आणि फार कमी करणाऱ्यालाही तेच. आज जास्त काम दाखवलं तर उद्या दर कापतील किंवा माणसं कमी करतील, ही भीती त्यामागे होती. मालकाच्या नजरेतून हा हट्ट दिसतो, कामगाराच्या नजरेतून हा विमा आहे.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःच्या रजिस्टरला विचारा: मागे कधी उत्पादन वाढल्यावर आपण टार्गेट वाढवलं होतं का? वाढवलं असेल तर ते सगळ्यांच्या लक्षात आहे, त्यानंतर कामाला लागलेल्यांच्याही. उपाय असा: पॅटर्न (साच्याचा नमुना) किंवा मशीन बदललं नाही तर वर्षभर दर बदलणार नाही, हे मराठी आणि कन्नडमध्ये लिहून, सही करून फलकावर लावा आणि पाळा. वर्षाच्या आत एकदा जरी मोडलंत, तर पुढची पाच वर्षं तुमच्या कागदाला किंमत राहणार नाही.

दुसरं, रिजेक्शनचे, म्हणजे नापास मालाचे, पैसे कापताना कारण पाहा. वाळूत पाणी जास्त पडल्याने ओतीव भागात ब्लो होल (वायूची छिद्रं) आले, तर त्यात साचा करणाऱ्याचा हात नाही. त्याचे पैसे कापले की बक्षिसावरचा विश्वास तिथेच संपतो. तिसरं, हेल्परला वाटा द्या. वाळू भरणाऱ्या कंत्राटी मुलाला बक्षिसातलं काही मिळत नसेल, तर जादा २० साच्यांसाठी तो का पळेल?

बक्षीस गटाला द्यावं, पण गट पाच-सहा जणांचाच असावा. फ्रान्समधल्या माक्स रिंगेलमान यांनी दोर ओढण्याचे प्रयोग १९१३ मध्ये प्रसिद्ध केले. आठ जण एकत्र ओढताना माणशी जोर एकट्याच्या जवळपास निम्म्यावर आला होता. काही घट ताल न जुळल्याने होते, काही ‘माझं कोणाला दिसतंय’ म्हणून. त्यामुळे प्रत्येकाचं काम गटातल्या गटात दिसू द्या. मात्र ‘या महिन्याचा पहिला नंबर’ असा फोटो लावू नका. हॉथॉर्नमधला गुद्दा तुम्ही आपल्या हाताने त्या माणसाला मिळवून द्याल.

आमच्याकडे मराठी आणि कन्नड कामगार जेवायला वेगवेगळे बसतात. त्यांना मुद्दाम एकत्र बसवावं का?
– सुपरवायझर, मच्छे

डबा कोणासोबत खावा हे ज्याचं त्याला ठरवू द्या. पाळी बदलताना निरोप पोचत नसेल, तर मात्र ते काम तुमचं आहे. मशीनजवळ एक वही ठेवा. त्यात आकडे, वेळ आणि ठरलेल्या खुणा असाव्यात, म्हणजे कोणत्याही भाषेत वाचता येईल. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलं की दोन गटांतला दुरावा नुसत्या सहवासाने कमी होत नाही: दर्जा सारखा हवा, ध्येय एक हवं, एकमेकांवाचून अडणारं काम हवं, आणि वरिष्ठांचा त्याला उघड पाठिंबा हवा. सगळे सुपरवायझर एकाच भाषेचे असतील तर पहिलीच अट मोडते. बदल तिथून करा.

आमच्या पतसंस्थेच्या मासिक बैठकीत कोणी तोंड उघडत नाही. बाहेर चहाच्या टपरीवर मात्र सगळे बोलतात.
– शाखाधिकारी, खानापूर

टपरीवर बोलतात म्हणजे माणसं मुकी नाहीत, बैठक महाग आहे. बोलण्याची किंमत पगारवाढीत किंवा बदलीत मोजावी लागेल असं वाटलं की माणूस गप्प बसतो. याचं नुकसान पतसंस्थेत फार होतं. रोज ₹१०० भरणारा दुकानदार ₹२० वर आला, हे पिग्मी एजंटला (रोजची बचत दारोदार गोळा करणाऱ्याला) त्याच आठवड्यात कळतं. कर्ज थकल्याचं वहीत दिसायला त्यानंतर महिने जातात. मधल्या काळात ही माहिती एजंटच्या पोटातच राहते.

संस्थांमधल्या वागणुकीच्या अभ्यासक ॲमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या, तेव्हा चांगल्या चमूंमध्ये नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. तिथे चूक सांगता येत होती, म्हणून ती नोंदली जात होती. तुमच्या बैठकीत एकही वाईट बातमी येत नसेल, तर काळजी करा.

विषयपत्रिका दोन दिवस आधी द्या. बैठकीच्या सुरुवातीला तीन मिनिटं प्रत्येकाने चिठ्ठीवर ‘कोणत्या खात्याची काळजी वाटते’ ते स्वतःचं नाव न घालता लिहावं, आणि चिठ्ठ्या तुम्ही मोठ्याने वाचाव्यात. बोलण्याची सुरुवात सर्वांत नव्या माणसापासून, चेअरमन शेवटी. चेअरमन आधी बोलले की पुढचे सगळे ‘बरोबर आहे साहेब’ एवढंच म्हणतात. आणि कोणी पहिल्यांदा वाईट बातमी सांगितली, तर ‘आधी का नाही सांगितलंस?’ हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका. ‘आणखी काय माहीत आहे?’ एवढंच विचारा. खोलीतले सगळे तेच पाहत असतात.

एमबीएच्या प्रकल्पासाठी निपाणीतल्या विडी कामगार महिलांना कामाच्या समाधानाविषयी प्रश्नावली दिली. जवळपास सर्वांनी सगळ्या प्रश्नांना ‘सहमत’ लिहिलं. आता काय करू?
– विद्यार्थिनी, चिकोडी तालुका

ते आकडे वापरू नका. अनोळखी, शिकलेल्या मुलीला नाही म्हणायचं नसतं, म्हणून आलेली ती उत्तरं आहेत. कंत्राटदार जवळ उभा असेल तर विचारूच नका.

प्रश्नावली इंग्रजीवरून आली असेल तर एकाने मराठी करावी आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ती परत इंग्रजीत न्यावी. अर्थ जिथे हलला तो प्रश्न बदला. काही प्रश्न उलटे घाला. ‘दर हजारी मजुरी वेळेवर मिळते’ आणि ‘मजुरीसाठी थांबावं लागतं’, दोन्हींना होकार आला की ते उत्तर बाजूला काढा. ‘समाधान’ विचारण्यापेक्षा घडलेलं विचारा: मागच्या आठवड्यात किती विड्या नापास झाल्या, का झाल्या, तक्रार कोणाकडे केली? आधी आठ-दहा जणींवर चाचणी घ्या आणि प्रश्न तोंडी विचारा.

घरी विड्या वळणाऱ्या महिलांची संघटना कागदावर दिसत नाही, पण पान-तंबाखू आणताना एकमेकींना विचारणं असतंच. ‘अडचण आली तर कोणाला विचारता? तिघींची नावं सांगा’ या एका प्रश्नातून, विचारणारीकडून जिला विचारलं तिच्याकडे बाण काढत, नकाशा तयार होतो. ज्यांच्याकडे सर्वांत जास्त बाण जातात त्या त्या गल्लीतल्या खऱ्या म्होरक्या. इथे नावं येतात, म्हणून आधी परवानगी घ्या, अहवालात नावांऐवजी अक्षरं घाला आणि मूळ कागद कंत्राटदाराला दाखवू नका. आणि ४० जणींचा अभ्यास असेल तर टक्के लिहू नका. एका बाईचं मत अडीच टक्के होतं. ‘४० पैकी ११’ असंच लिहा.