मुलाच्या गावात सूर्यच उगवणार नाही म्हणे!

प्रश्न : मुलगा शिकायला नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला गेलाय. परवा फोनवर म्हणाला, "आई, या महिनाअखेरीपासून इथं सूर्य उगवायचाच नाही." जिवाला घोर लागलाय. हे खरं का?
– एक आई, कराड

उत्तर : खरं आहे, ताई. पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंश कललेला आणि ट्रॉम्सो ६९ अक्षांशाच्याही वर. त्यामुळे तिथं साधारण २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी सूर्य क्षितिजाच्या वर येत नाही.

पण म्हणजे चोवीस तास मिट्ट काळोख, असं नाही. साताऱ्यात भूगोल शिकवायचो तेव्हा मी मुलांना पहाटे अजिंक्यताऱ्यावर न्यायचो. सूर्य वर यायच्या आधी निळसर उजेड पसरतो, तळहातावरच्या रेषा दिसू लागतात. अगदी तसा उजेड तिथं भरदुपारी काही तास असतो, आणि बर्फामुळे तो आणखी खुलतो. त्या वेळेला त्याला बाहेर पडायला सांगाच. आपल्याकडे साडेचार वाजले की तिथं बारा होतात. तेव्हाच फोन करा.

थंडीचं म्हणाल तर उबदार सागरी प्रवाहामुळे तिथलं बंदर गोठतही नाही. उन्हाअभावी 'ड' जीवनसत्त्व मात्र कमी पडतं. तिथले लोक कॉड माशाच्या यकृताचं तेल घेतात. त्याला चालत नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळ्या घेऊ द्या.

डोंगरांमुळे गावात सूर्य दिसायला २१ जानेवारी उजाडते. त्या दिवशी सूर्याच्या स्वागताला तिथं गोड बन खातात. तुम्ही तिळगूळ डिसेंबरातच पाठवा, वेळेवर पोचेल.