दुपारी घरी परतता यावं, असं गाव

प्रश्न : मी 71 वर्षांचा, हिचं वय 67. दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. येत्या मे महिन्यात पुण्याची लेक आम्हाला बारा दिवसांसाठी युरोपला नेणार आहे. टूरवाल्यांची नऊ शहरं आम्हाला झेपायची नाहीत, म्हणून एकाच शहरात बिऱ्हाड मांडून आसपास फिरायचं ठरलंय. लेकीच्या यादीत प्राग, व्हिएन्ना आणि ल्यूसर्न आहेत. हिच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली आहे. मला शुगर आहे, एक स्टेंटही बसवलाय. हिची एकच इच्छा आहे : बर्फ हातात घेऊन बघायचा. कोणतं शहर धरावं?
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : गुरुजी, तुम्हा दोघांनाही नमस्कार. व्हिएन्ना धरा.

2018 साली मी माझ्या मायला प्रागला नेलं होतं. नदीचं दृश्य दिसणारं घर फोटो बघून घेतलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. खाली उतरलं की सगळीकडे दगडी फरसबंदी. तिच्या चपलेला ती कधी मानवलीच नाही. सकाळी एकदा खाली उतरलो की तिला दुपारी वर आणणं व्हायचं नाही, म्हणून संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहायची. चौथ्या दिवशी म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी खिडकीतून बघते." अंबाजोगाईहून इतक्या लांब तिला खिडकीत बसवायला आणलं, हे मला अजून टोचतं. प्राग देखणं शहर आहे, त्याचा काही दोष नाही. मी घर बघितलं आणि मायचा दिवस कसा जातो ते बघितलंच नाही.

म्हणून आता मला कुणी विचारलं, की मी आधी विचारते : दुपारी जेवून तासभर आडवं व्हायला घरी परतता येईल का, आणि पुन्हा चारला बाहेर पडता येईल का? आपल्याकडच्या माणसाला दुपारची झोप लागतेच. मे महिन्यात व्हिएन्नात सूर्य साडेआठच्या सुमाराला मावळतो. म्हणजे झोप काढूनही चार तासांचा उजेड हातात राहतो.

व्हिएन्नाचा मधला भाग बराचसा सपाट आहे. मेट्रोच्या स्टेशनांना लिफ्ट आहेत, नव्या ट्राम इतक्या बुटक्या की बाईंना गुडघा उचलून चढावं लागणार नाही. मी लँडस्ट्रासं हा भाग सुचवेन. विमानतळाची लोकल तिथल्या 'वीन मिटे' स्टेशनात थेट येते. तिथूनच मेट्रोची यू-3 लाइन दोन थांब्यांत स्टीफन्सच्या चर्चपाशी नेते आणि यू-4 न बदलता शोनब्रुन राजवाड्याला. राजवाड्याच्या मागची टेकडी नाही चढलात तरी चालेल, खालची बाग पुष्कळ आहे. स्टेशनाजवळच श्टाटपार्क नावाची बाग आहे. भरपूर बाक, आणि संगीतकार योहान स्ट्राउसचा सोनेरी पुतळा. पहिले दोन दिवस एवढंच करा. सेलूत पहाटेचे पाच वाजतात तेव्हा तिथं रात्रीचा दीड झालेला असतो, त्यामुळे तुम्हाला अवेळी जाग येणार आणि संध्याकाळी डोळे मिटणार.

बसायला तिथली कॉफीघरं उत्तम. एका कॉफीवर दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही. कॉफीसोबत पाण्याचा पेला येतो.

घराची चौकशी मात्र लेकीने नीट करावी. तिथल्या जुन्या इमारतींत तळमजल्याच्या वर होखपार्टेरे, मग मेझानिन आणि त्यानंतर कुठे 'पहिला मजला' लागतो. शिवाय काही ठिकाणी लिफ्टच पाच-सात पायऱ्या चढल्यावर सुरू होते. म्हणून "लिफ्ट आहे का" एवढं विचारून भागत नाही. रस्त्यापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती, हे विचारावं. न्हाणीघराचा फोटो मागवावा. उंच काठाचा टब असेल तर ते घर सोडून द्यावं. बदललेल्या वाटीचा पाय त्या काठावरून टाकणं म्हणजे रोजची धास्ती. साधा शॉवर हवा. मग्गा घरून न्या.

स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट चालतं. दूध आणि मांसाचे पदार्थ मात्र युरोपात बाहेरून नेता येत नाहीत, तेव्हा पेढे, खवा, तूप इथंच ठेवा. रविवारी तिथली दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांमधली तेवढी काही उघडी. शनिवारीच दूध-भाजी आणा. तुमच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत असू द्या, चिठ्ठीवर औषधांची मूळ नावं लिहून घ्या. विम्यात स्टेंट आणि शुगर दोन्ही लिहा, लपवू नका. व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. विमानतळावरची व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. बाई नको म्हणतील, तरी मागा.

ल्यूसर्न सोडा असं मी जड मनाने म्हणते. स्टेशनाबाहेर पडलं की समोरच बोटीचा धक्का, इतकं सोयीचं गाव आहे. पण तिथून बर्फासाठी लोक टिटलिस नावाच्या डोंगरावर जातात आणि वरचं स्टेशन 3,000 मीटरच्या पुढे आहे. स्टेंट असताना ती उंची हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय गाठू नये. खर्चही व्हिएन्नापेक्षा बराच जास्त.

आता बाईंचा बर्फ. व्हिएन्नाच्या दक्षिणेला श्नीबर्ग नावाचा डोंगर आहे. नावाचा अर्थच बर्फाचा डोंगर. वीनर नॉइश्टाटला गाडी बदलून पुखबर्ग गावी जायचं. तिथून 1897 सालापासून दातेरी रुळांची गाडी वर जाते, साधारण 1,800 मीटरपर्यंत. ही उंची टिटलिसपेक्षा खूपच कमी, तरी डॉक्टरांच्या कानावर घालाच. सगळा प्रवास बसून होतो. दिवसाच्या गाडीने मुंबईला जाताना कसाऱ्याच्या घाटात तुम्ही खिडकी सोडत नसाल, तसंच इथंही होईल. मेच्या सुरुवातीला वरच्या उतारांवर बर्फाचे पट्टे सहसा उरलेले असतात, महिनाअखेर कमी होत जातात. म्हणून शक्यतो पहिल्या पंधरवड्यातच जा. व्हिएन्नाच्या नळाला 1873 पासून याच डोंगररांगांतल्या झऱ्यांचं पाणी येतं. बाटल्या विकत घेऊ नका, नळाचंच प्या.

श्नीबर्गचा दिवस इथून ठरवून जाऊ नका. तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आभाळ बघा, आणि पहिल्या निरभ्र सकाळी बाईंना हातमोजे घालून गाडीत बसवा. वर गेल्यावर हातमोजे काढायला सांगा.